मगर दिसली तरच पान्यात

नऊवारी नेसून कृष्णा आरपार पवून जानारी बाई सांगली जिल्ह्यात दुसरी असंल तर दावा, मी मिशी उतरवतो. ही माझी बायको, राही.

मी मिल्ट्रीतनं हवालदार हून त्र्याहत्तर साली घरला आलो, तवा गावातल्या पोरी तिच्याकडंच पवायला शिकत हुत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत घाटावर नुसता कालवा. पोरीच्या कमरंला वाळका भोपळा बांधायचा आन द्यायची ढकलून. आन पलीकडच्या वाळूवर मगर पडलेली, चांगली धा फुटी! मी म्हनलं, "अगं, डोकं फिरलंय का तुझं?" तर म्हनती कशी, "ती दिसतीया तवर भ्या न्हाई. दिसली न्हाई की पोरींस्नी घरला धाडते." हाच तिचा कायदा. तिनं शिकवलं त्या वीस वर्सात एका पोरीला ओरखडा न्हाई.

शहात्तरच्या चैतात भैरोबाची जत्रा झाली. दुसऱ्या दिवशी खारा निवद, म्हंजे घरटी बकरं. बकऱ्याची वजडी-आतडी सगळ्या गावानं धुतली ती घाटावरच, पानी लालेलाल. राही कानीकपाळी वरडत हुती, "हितं धुवू नगा, मळ्यात न्या." पन कोन ऐकतंय? तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या शेजारच्या गुंडाचं कुत्रं खालच्या पायरीवर पानी प्याला गेलं, ते मगरीनं वडून नेलं.

सरपंच लालासाहेबांनी घाटावर गाव गोळा केलं आन आपली बंदूक माझ्या हातात दिली. "हवालदार, उडवा मगर. आन पोरींचं पवनं आजपासनं बंद."

राही म्होरं आली. "आवं सरपंच, आवतान दिलं तुमी, पानात वाढलं तुमी, आन जेवाया आली म्हनून गोळी घालताय व्हय?"

"उद्या पोरीला धरली म्हंजे?"

"आठ दिस घाटावर रगात पडू देऊ नगा. कोनी पान्यात उतरू नगा. नवव्या दिशी मगर वाळूवर दिसली की मी पयली उतरते. माझ्यावर आली, तर ह्येच घालतील गोळी. न्हाई आली, तर पोरींचं पवनं चालू."

ह्येच म्हंजे मी! मला कुनी इचारलं? घरी येऊन लय भांडलो. ती आपली भाकरी थापती. "तुमास्नी नेम धरता येतो न्हवं? मग झालं तर." आठ दिस माझ्या तोंडाला चव न्हवती.

नवव्या दिशी ऊन वर आलं तवा घाटावर मुंगी शिरायला जागा न्हाई. मी बंदूक घिऊन पायरीवर. समोरची वाळू मोकळी. राहीनं एकडाव तिकडं बघितलं आन खाली बसली. उतरंना. तास गेला. मागनं कोनतरी म्हनलं, "हवालदारीन भ्याली गड्या." माझं टाळकंच सरकलं. पन खरं सांगतो, घडीभर मलाबी तसंच वाटलं, आन त्याची लाज मला अजून वाटती. ती काय हलली न्हाई. "दिसली न्हाई तर आज घरला. उद्या परत येऊ," एवढंच म्हनाली.

आनखी अर्ध्या तासानं पलीकडं पानी हाललं. मगर सावकाश वाळूवर चढली आन आ वासून उन्हाला पडली. राहीनं पदर खोचला आन सूर मारला. मी नेम धरला, बोट घोड्यावर. ती मधल्या धारंपातुर गेली, वळली, उतानी हून निवांत पवत माघारी आली. मगरीनं शेपूटबी हलवली न्हाई.

पायरीला धरून ती म्हनाली, "चला पोरींनो." कोनी हलंना. आया पोरींची मनगटं धरून उभ्या. आता हिनं केलेलं सगळं पान्यात जातंय, असं मला वाटलं.

तवा लालासाहेब पायऱ्या उतरून आलं. संगं त्यांची नात विजयमाला, आठ वर्साची. तिच्या कमरंला त्यांनी सोताच्या हातानं भोपळा बांधला, गाठ दोनदा वडून बघितली. म्हनलं, "राहीबाई, आमची आधी घ्या."

मी बंदुकीतली गोळी काढून खिशात टाकली. लढाईत भ्यालो न्हाई तेवढा मी तवा भ्यालो हुतो. सांगायला लाज कसली? बायको हाय ती माझी.