धारेच्या वेळेचं मांजर

शेजारच्या गोठ्यात धार काढायला लागले, की ताज्या दुधाचा वास माझ्या दारापर्यंत येतो. मग आमची म्हैस आठवते, तिच्याखाली चरवी घेऊन बसलेली माझी बायको मालन आठवते, आणि शेपूट ताठ करून बोंबलणारं तिचं मांजर.

एका सकाळी मी खेकसलो, "आधी त्याचं तोंड बंद कर की! डोकं उठवलंय."

मालननं सड वळवला आणि धार नेमकी मांजराच्या तोंडात सोडली. ते मिशा चाटत गप्प बसलं.

"झालं की बंद," ती हसली. "आता तुमचं कसं करायचं, सांगा!"

मलाबी हसू आलतं, पण दाखवलं न्हाय.

आता मालन न्हाय, म्हैस न्हाय, मांजरबी न्हाय. पोरगं पुण्याला बोलवतंय, पण मी जाणार न्हाय. सकाळी दार उघडतो, दिवस मावळल्यावर लावतो. तोवर तोंडातनं एक शब्द निघत न्हाय.