अनुसयाबाईनं अडवलेली हवेली

कळमनुरीच्या अलीकडच्या बंजारा तांड्यावर कुणी वही-पेन घेऊन उतरलं की लोक त्याला सरळ अनुसयाबाईच्या दारात नेऊन सोडत. बाईला जुनं सगळं येत होतं हे खरं. आणि तिथं सोडलं की बाकीचे आपल्या कामाला मोकळे, हे त्याहून खरं.

कोमलही अशीच आली. विद्यापीठात मानववंशशास्त्र नावाचं, बाईच्या जिभेला कधीच न वळलेलं काहीतरी शिकणारी पोरगी. तांड्यावर राहून अभ्यास करायला एका संस्थेनं तिला सहा महिन्यांची फेलोशिप दिली होती; काम नीट चाललेलं दिसलं तर ते पुरं करायला आणखी एक वर्षही मिळणार होतं. विषय लग्नाच्या गाण्यांचा. नवरी सासरी निघताना रडत गाते तो ढावलो, आणि शेवटी बैलाच्या पाठीवर उभी राहून बापाच्या घराचं भलं मागते ती हवेली.

हवेली आता कुणाला येत नव्हती. नवऱ्या गाडीत बसून जातात, बैल आणतो कोण? अनुसयाबाईला मात्र तिच्या आईनं, रूपाबाईनं, लग्नाआधी आठ दिवस बसवून ती शिकवली होती. आपल्या लेकीला शिकवायची म्हणून बाईनं ती जपली, आणि देवानं पदरात टाकले तीन पोरगे. पोरं वाईट नव्हती. पण चुलीपाशी शेजारी बसून कुणी मनातलं बोलावं, ही भूक पोरांनी भागत नसते.

कोमल शेजारी बसली. तिला भाकरी थापता येईना, पण बोलायला ती थकत नसे. महिनाभरात ती बाईला 'याडी' म्हणू लागली, म्हणजे आई. ढावलो म्हणताना चुकली की बाई तिच्या हातावर चापट मारी. आणि बाईला वाटू लागलं, ही पोरगी आता जाऊच नये.

हवेली शिकली की पोरगी जाते, हे तांड्यावरच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या बघत आल्या होत्या. मग अनुसयाबाईनं हवेली अडवूनच धरली. आधी म्हणाली, बैलाशिवाय ती ओठावर येत नाही. थोरल्या देविदासनं शेजाऱ्याचा बैल आणून दारात उभा केला, तर म्हणाली, घसा बसलाय. तो घसा महिनाभर बसलेला राहिला. सुनेला हाका मारायला तेवढा उठायचा. देविदास हसायचा. कोमल वही मिटायची.

सहा महिने सरले. कोमल अहवाल द्यायला गेली. फेलोशिप वाढली की पंधरा दिवसांत येते, म्हणाली. बाईनं तिची वाकळ धुऊन, घडी घालून ठेवली. पंधरा दिवसांचे चार महिने झाले. रस्त्यावर गाडी थांबली की बाई हातातलं टाकून बाहेर येई आणि उतरलेल्या माणसाकडं उगाच रागानं बघे. जीव तुटत होता, आणि कुणाच्या लेकीसाठी म्हणून सांगणार?

शेवटी तिनं देविदासला फोन लावायला लावला. कोमल एका शाळेत शिकवत होती. फेलोशिप वाढलीच नव्हती. मुख्य गाणंच मिळालेलं नाही, काम अपुरं आहे, असं संस्थेच्या समितीनं लिहिलं होतं.

बाईनं देविदासच्या हातातून फोन ओढून घेतला. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"पोरी, घसा चांगला व्हता माझा," ती म्हणाली. "तू जाऊ न्हाई म्हून शिकवली न्हाई. मीच वाटोळं केलं तुझं."

पलीकडून कोमल म्हणाली,

"मला माहीत होतं, याडी. मी हट्ट धरला असता तर तू सांगितलंच असतंस. पण मग काम संपलं असतं, आणि मला निघावं लागलं असतं."

मग इतके दिवस आली काहून नाहीस, बाईनं विचारलं. कोमल अडखळली. आता काम उरलं नाही, फेलोशिप नाही. नुसतंच येऊन कुठल्या तोंडानं दारात उभी राहू, असं वाटत होतं, म्हणाली.

बाईला तिचा राग आला आणि रडूही आलं.

"लेकरा," ती म्हणाली, "लेक माहेरी येती ते काय काम घेऊन येती व्हय?"