पट टिकवायचे उद्योग

लहान शाळेत पोरं मोजकी आणि किस्से रगड! जऊळक्याच्या अलीकडे एका वस्तीवर आमची जिल्हा परिषदेची शाळा. वर्ग चार, मास्तर दोन: मी आणि मोठे सर. पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद, ही टांगती तलवार वर्षभर डोक्यावर. मग पोरांनी हायवे ओलांडून पलीकडच्या गावी जायचं. मुली तर घरीच बसणार. म्हणून पट टिकवायला आम्ही काय काय केलंय, विचारू नका!

*

मोठे सर वस्तीतल्या प्रत्येक बारशाला जातात. आहेर काय, तर पाटी! परवा पाळण्यात पाटी ठेवून म्हणाले, "हा आपला. दुसऱ्या शाळेत घालायचा नाही."

बाळाची आजी म्हणाली, "सर, त्याले आदी मान त धरू द्या!"

*

वस्तीतल्या गजाननभाऊंनी त्यांच्या गोलूला इंग्लिश मीडियमला घातलं. पिवळी व्हॅन, बूट, टाय! एक दिवस गोलू 'सू आली' म्हणून व्हॅनमधून उतरला आणि थेट आमच्या शाळेत घुसला. मी फोन केल्यावर भाऊ तणतणत आले, तर पोरगं खिचडीच्या रांगेत. टायसकट!

"काहून आला रे इथं?"

"तिथं डबा थंडा राह्यते."

भाऊंनी पातेल्याकडे पाहिलं. बसले. जेवून उठताना म्हणाले, "ठेवा इथंच. पण टाय घालू द्या, सर. त्याच्या आजीनं साऱ्या गावाले दाखवली हाय."

*

दिवाळी झाली की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते आणि पट घसरतो. चौथीतली पूनम आमची सगळ्यात हुशार पोर. धाकट्या भावाला सांभाळायला तिची आई, सुनीताबाई, तिलाही नेणार होती. मोठे सर गाडी सुटेपर्यंत विनवत राहिले. शेवटी सुनीताबाई म्हणाली, "ठेवतो आजीपाशी. पण रोज सांजच्याले फोनवर पाढे म्हणायले लावा. आवाज त ऐकू येईन तिचा."

उन्हाळ्यात टोळी परतली. कधी शाळेत न गेलेली सुनीताबाई ट्रॅक्टरवरूनच ओरडली, "सर, साऱ्या टोळीले तेराचा पाढा पाठ झाला! पटावर घेता काय आमाले?"

*

पूनम चौथी पास झाली. आता ती पलीकडच्या गावी पाचवीला जाणार. दाखला घ्यायला आली तेव्हा मोठे सर मला सांगत होते, "पट एकोणीसवर आलाय, पहिलीत एक पोर कमी पडतंय. आता शाळा काही राहत नाही." तिनं ते ऐकलं असणार.

शाळा उघडली त्या दिवशी पहिलीच्या ओळीत, धाकट्या भावाशेजारी, पूनम गुडघे दुमडून बसलेली!

"तू इथं कायले?" मी विचारलं.

"पैलीत एक कमी हाय ना, सर?"

मोठ्या सरांनी फळ्यापाशी जाऊन 'अ' काढला. "कोण काढून दाखवतं?"

पूनम उठली. खडू मुठीत धरला, जीभ बाहेर काढली आणि 'अ' काढला. चांगला वाकडातिकडा!