शिंपल्यांतला वारा

मुलगी दहावीला होती. समीकरणं संतुलित करायचा तिचा धडा मीही शेजारी बसून शिकत होतो. शाळेत मला तो कधी जमलाच नव्हता. पाण्याच्या समीकरणात ऑक्सिजन जुळेना, म्हणून मी पाण्यालाच आणखी एक ऑक्सिजन चिकटवला.

"बाबा, खालचो आकडो बदलूचो नाय! मगे ता पाणी रवाचा नाय," ती हसत सुटली. "आकडो पुढे घाल. डावीकडचो एकव अणू हरवता नये."

मग गंमत म्हणून शिंपले भाजून चुना होतो ते मी तिला लिहायला लावलं. माझी पूर्वी चुनाभट्टी होती. तिने सूत्रं सांगितली. डावीकडे एक कार्बन, उजवीकडे एकही नाही.

"कार्बन खंय गेलो?"

"वायू होऊन वर गेलो."

वजनं मांडली. शंभर किलो शिंपल्यांचा चुना छप्पन किलो. उरलेले चव्वेचाळीस किलो हवेत! पाय कापणारा तो टणक शिंपला, आणि जवळजवळ अर्धा वारा. मी कागदाकडे बघतच राहिलो. माझ्या डोळ्यांदेखत दर खेपेला एवढं आभाळात जात होतं आणि मला दिसलं नव्हतं.

मग भट्टीवर कामाला असलेली काकी आठवली.

भट्टी मी तेव्हा नवीनच घेतली होती. आधीचे लोक टोपलीने मोजत; मी हुशारी करून वजनकाटा आणला. चुना निम्म्याच्या जरा वर भरला. भट्टी लावणाऱ्या काकीला मी सगळ्यांसमोर विचारलं, "बाकीचो चुना कोणाक विकलंस?"

"मिया कित्याक विकू? भट्टीन खाल्ल्यान."

मला ती उर्मट वाटली. चोर म्हणून मी तिला काढून टाकलं. हे घरात कधी बोललो नाही.

समीकरण मांडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कट्टा गावाला गेलो. काकी आता तिथे लेकीकडे राहते. पडवीत सुपारी सोलत होती. कागद पुढे धरून मी सगळं सांगितलं. ती कागदाकडे बघेना.

"माका कित्याक सांगतंस? माका तेवाच ठावक होता. ज्यांच्यासमोर चोर म्हटलंस, त्यांका सांग."

शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईपुढे मला मान वर करवेना.

तिला चोर म्हटलं त्या दिवशी भट्टीवर पाच जण होते. तिघांना दारात जाऊन सांगितलं. चौथा शिरोड्याला असतो, त्यालाही गाठलं. पाचवा तिचा नवरा. तिचा डबा घेऊन आला होता. तो आता नाही. त्याला सांगता येत नाही, म्हणून हे लिहिलं.