पोर्तुगालला जायचं म्हणून कल्याण–ठाणे–कल्याण: एका पत्रामागची भटकंती

ठरलं ते भेंडी चिरताना. मोबाईलवर मेल आला: पोर्तुगालमधल्या समुद्रकाठच्या एका प्रयोगशाळेत तीन महिन्यांचं प्रशिक्षण, येण्याजाण्याच्या खर्चासकट शिष्यवृत्ती, तिथले प्रोफेसर मला घ्यायला तयार. फक्त माझं विद्यापीठ माझ्या पाठीशी आहे असं एक पत्र अर्जासोबत जोडायचं. मी डोंबिवलीची, पीएचडी करते, विषय ठाण्याच्या खाडीच्या गाळातले जिवाणू. आमच्या घरी त्याला ‘तनूचा चिखल’ म्हणतात. या चिखलातले जिवाणू ओळखायची जी नवी पद्धत आहे ती मला इथे शिकवायला कोणी नाही, आणि पुढच्या वर्षी माझी पीएचडीची मुदत संपते. म्हणजे यंदा हुकलं की कायमचं हुकलं. एक पत्र तर आणायचंय, त्यात काय एवढं, म्हणत मी भेंडी आईकडे सरकवली आणि पर्स उचलली. काय तो आत्मविश्वास!

या ब्लॉगवर एरवी मी किल्ले आणि धबधबे लिहिते. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणी परदेशी शिष्यवृत्तीबद्दल विचारत असता, तर ऐका, परदेशाच्या आधी हा प्रवास करावा लागतो. माझं संशोधन केंद्र कल्याणच्या एका कॉलेजात. ते कॉलेज ज्या विद्यापीठाचं, त्याचं इकडचं कार्यालय ठाण्यात. आणि खुद्द विद्यापीठ मुंबईत. अर्जात ‘तुमची संस्था’ म्हणून एकच चौकट. आता माझी संस्था नेमकी कोण? मला आजपर्यंत हा प्रश्न पडलाच नव्हता, फी मात्र मी तिन्हीकडे भरलेली.

पहिला मुक्काम कल्याण. डोंबिवली पूर्वेहून शेअर रिक्षा मिळते, सुटे पैसे जवळ ठेवा, नाहीतर रिक्षावाला आधी सुटे मागतो आणि मग आपलं शिक्षण काढतो. पत्रीपुलाशी अडकलो तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात पत्राचं इंग्रजी तयार केलं. माझे गाईड भोईर सर कँटीनमध्येच सापडले. सर शीळफाट्याकडच्या गावातले, आजोबांचं मिठागर होतं, त्यामुळे माझ्या चिखलावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त जीव. मेल वाचून ते एवढे खूश झाले की दोन कटिंग आणि माझ्यासाठी समोसा मागवला.

“पत्र ना? आत्ता देतो लिहून,” सर म्हणाले. मग थांबले. “पण गो, मी म्हणजे विद्यापीठ का?”

“नाही वाटत, सर.”

“मग प्राचार्या मॅडम?”

“त्या कॉलेज झाल्या.”

“मग असं कर, ठाण्याला विचारून ये. तोपर्यंत मी पण विचार करतो.”

दुसऱ्या दिवशी ठाणे. लोकलने का नाही गेलीस, असं कमेंटमध्ये विचारायच्या आत सांगते: ते कार्यालय स्टेशनपासून लांब, आणि मला बसच्या खिडकीत बसून विचार करायला आवडतं. बस शीळफाट्यावरून जाते. तिथे कंटेनर, रिक्षा आणि मेट्रोच्या कामाचे पत्रे यांच्यामध्ये आपण असे अडकतो की विचार करायला हवा त्यापेक्षा जास्त वेळ मिळतो. पाण्याची बाटली घ्याच. मुंब्र्याच्या बायपासला एका बाजूला डोंगर आणि लांब खाली खाडीची चमक दिसते, तेवढ्यासाठी खिडकीची सीट भांडून मिळवली तरी चालेल.

ठाण्याच्या कार्यालयात सावंत मॅडम भेटल्या. आधी टेबल क्रमांक दोनने मला पाचवर पाठवलं, पाचने परत दोनवर, आणि मधल्या पॅसेजमध्ये सावंत मॅडमनी मला अडवून विचारलं, “अगं, तू सकाळपासून शतपावली करतेयस का?” फार गोड बाई. पण त्यांचंही गाडं एका जागी रुतलेलं.

“हे थ्रू प्रॉपर चॅनल यायला पाहिजे. आधी कॉलेजचं पत्र, मग आमचं.”

“मॅडम, कॉलेज म्हणतं आधी तुमचं.”

“असं म्हणतं?” त्या खरंच विचारात पडल्या. “मग आम्ही पण तेच म्हणायचो का आजवर? थांब हं.” त्यांनी शेजारच्या टेबलाला विचारलं, त्या टेबलाने फोनवर आणखी कोणाला तरी विचारलं, आणि शेवटी मला एक तयार नमुना मिळाला. ना हरकत प्रमाणपत्राचा. परदेशी कोणी निघालं की हेच देतात, हेच चालतं, बिनघोर जा. जिवात जीव आला. बाहेर पडून मी मिसळ खाल्ली, जादा तर्री, वर ताक. ठाण्यात गेलात आणि मिसळ न खाता आलात तर तो प्रवास मी धरत नाही.

मग पुन्हा कल्याण. कॉलेजच्या ऑफिसने नमुना बघून सुरेख टाईप केलं. सदर उमेदवाराने परदेशी जाण्यास संस्थेची हरकत नाही. या कालावधीत संस्थेवर कोणताही आर्थिक भार पडणार नाही. सदर उमेदवाराच्या बाबतीत उद्भवणाऱ्या कोणत्याही गोष्टीस संस्था जबाबदार राहणार नाही. खाली सही, त्यावर जांभळा गोल शिक्का. ते घेऊन पुन्हा शीळफाटा, पुन्हा ठाणे, तिथे तसंच दुसरं, त्यावर आणखी मोठा शिक्का. दोन्हीचं इंग्रजी करून मी पोर्तुगालच्या शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्या समन्वयक बाईंना पाठवलं, की अर्ज भरायच्या आधी एकदा नजर टाका. आणि येताना घरी बालूशाही आणली, कारण आपलं काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. मी ते तीनदा वाचलं आणि मग आईला वाचून दाखवलं, कारण मला वाटलं मलाच इंग्रजी येईनासं झालंय. त्या बाईंनी फार हळुवार लिहिलं होतं. तुमचं विद्यापीठ तुम्हाला पाठिंबा देत नाही हे वाचून वाईट वाटलं. त्यांनी तुमची जबाबदारी एवढ्या स्पष्ट शब्दांत नाकारलीय, तर तिथे तुमचं काही भांडण झालंय का? अर्ज मागे घ्यायचा असेल तर आम्ही समजू शकतो.

“भांडण?” आई म्हणाली. “तू कधी भांडलीस?”

“अगं नाही भांडले! शिक्के मारून दिलेत त्यांनी!”

मी डोकं धरून बसले. आपल्याकडे ‘हरकत नाही’ म्हणजे जगातली सगळ्यात मोठी मेहेरबानी. त्यासाठी आपण टेबलं झिजवतो, मिळाली की मिठाई वाटतो. आणि त्या बाईंच्या मेलचा अर्थ एवढाच, की हरकत असायचं कारणच काय होतं? मेलच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, त्यांना हवं होतं ते वेगळंच: ही मुलगी आम्हाला का हवी, शिकून आल्यावर तिच्यासाठी इथे काय काम आहे, हे कोणीतरी स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं. अर्जाची मुदत दोन दिवसांवर.

सकाळी पुन्हा कल्याण. ऑफिसमध्ये विचारलं तर पहिला प्रश्न, “नमुना कुठाय?” नमुना नाही म्हटल्यावर कोणी कीबोर्डला हातच लावेना. असं पत्र या कॉलेजातून कधी गेलंच नव्हतं. भोईर सर मला थेट प्राचार्या मॅडमच्या केबिनमध्ये घेऊन गेले. मॅडम कडक, कमी बोलणाऱ्या, आजवर मी त्यांच्याशी गुड मॉर्निंगपलीकडे बोललेले नव्हते. त्यांनी मेल वाचला, चष्मा काढला.

“हरकत नाही लिहिलं की आपण सुटतो,” त्या म्हणाल्या. “पाठिंबा आहे लिहिलं, की उद्या कोणी विचारलं तर उत्तर मला द्यायचंय.”

“मी देतो ना उत्तर,” सर म्हणाले.

“मागच्या वेळी पण तुम्हीच देणार होतात, भोईर.”

इथे थोडं सांगायला हवं. सरांचा माझ्या आधीचा विद्यार्थी जर्मनीला गेला, तो गेलाच. सरांनी त्याचं टेबल बरेच दिवस कोणाला दिलं नव्हतं. आणि मी? आता लिहितेच, हा माझाच ब्लॉग आहे. शिष्यवृत्तीचा मेल आल्यापासून मी रोज झोपायच्या आधी तिथल्या पुढच्या नोकऱ्या बघत होते. घरात कोणाला माहीत नव्हतं, सरांना तर नाहीच.

मॅडम माझ्याकडे वळल्या. “परत येणार ना?”

“हो, मॅडम.” पटकन म्हणाले. मलाच ऐकू यायच्या आत.

मग मॅडमनी स्वतः टाईप करायला घेतलं, दोन बोटांनी, मोठ्याने बोलत. ही मुलगी आमच्याकडे बीएस्सीपासून आहे. ओहोटीच्या वेळा पाठ करून खाडीत उतरते. (हे त्यांना कसं माहीत?) ती जे शिकायला येतेय ते आमच्याकडे कोणालाच येत नाही, म्हणून ती आम्हाला परत हवी आहे. मागच्या बाजूची स्टोअररूम रिकामी करून तिथे आम्ही तिची प्रयोगशाळा उभी करू, आणि इथल्या मुली तिच्या हाताखाली शिकतील. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. स्टोअररूमचं त्यांनाही नवीन होतं असं दिसत होतं. मला काय वाटत होतं ते मला नीट सांगता येणार नाही, आनंद म्हणावा तर तिथून पळून जावंसं वाटत होतं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, “ठाण्याचं मी बघते. तू नको जाऊस आता परत.” त्यांनी फोन लावला, आणि संध्याकाळपर्यंत सावंत मॅडमनी विद्यापीठातर्फे दोन ओळी लिहून पाठवल्या की आम्हालाही असंच वाटतं. चौकटीत कोणाचं नाव लिहायचं हे मी शेवटी समन्वयक बाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, जे तुमची वाट बघणार आहेत त्यांचं लिहा. मी कॉलेजचं लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला.

तर या प्रवासातून काय मिळालं ते सांगते. निघण्याआधी फोन करा, तरीही जावं लागेलच. ना हरकत घेऊन ठेवा, व्हिसाला लागते म्हणतात, पण तिला पाठिंबा समजू नका. पत्र लिहिणारा माणूस तुम्हाला ओळखतो का ते आधी बघा, कधीकधी आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त ओळखत असतो. निकाल अजून लागायचाय. लागेल तेव्हा लागेल.

अर्ज पाठवला त्या संध्याकाळी घरी आईने ते पत्र मराठीत सांगायला लावलं. मी ओट्याला टेकून वाक्यावाक्याने सांगितलं. मी स्टोअररूमपाशी आले तशी ती तांदूळ धुवायची थांबली.

“परत येणार का विचारलं त्यांनी?”

“विचारलं ना.”

“मग तू काय म्हणालीस?”

“हो म्हणाले.”

“मला नाही कधी म्हणालीस.”

तिनेही कधी विचारलं नव्हतं, हे मी म्हणू शकले असते. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. मॅडमना सांगताना सही हवी होती, तेव्हा कसं फटकन निघालं. आईसमोर मात्र मी फडकं घेऊन कोरडा ओटा पुसत राहिले. तिने हातातले तांदूळ तसेच धरून थोडा वेळ वाट बघितली, आणि मग कुकर लावला.