सिरीयस हायेत, तू निघ

आमच्या राजुरीत माणूस गेला, हे फोनवर कुणी सांगत नाही. 'सिरीयस हाय, निघा' एवढंच सांगतात. माणूस खरोखरच सिरीयस असेल तर 'काय न्हाई, जरा ॲडमिट केलंय, बरं हाय' म्हणतात. पेठची आत्या गेली तेव्हा आतेभावाचा फोन आला, 'आई सिरीयस हाय.' माझ्या आईने उलट एक शब्द विचारला नाही. गॅस बंद केला, पदर तोंडाला लावला आणि जीपवाल्याला हाक मारायला मला पिटाळलं. पेठला पोचलो तर दारात माणसं तिरडी बांधत होती. आतेभावाला कुणी खोटारडा म्हटलं नाही. वाटेत माणसाला धक्का बसू नये म्हणून पडलेली रीत आहे ती. मला त्या रीतीची पहिल्यापासून चीड. अरे, मोठी माणसं आहोत आपण, सांगा की सरळ! पण चीड असली तरी अर्थ मला बरोबर कळायचा, इतर सगळ्यांना कळतो तसाच.

घरात मी थोरली. तोंडाने फटकळ. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याचं भारी कौतुक. कांदा कधी काढायचा, कुठली गाय ठेवायची, कुणी काहीही विचारलं की म्हणायचे, "थोरलीला इचारा. आमचं काय चालतंय हितं!" आईने जन्मभर कटकट करूनही न सुटलेली तंबाखू त्यांनी मी एकदा ओरडले म्हणून सोडली. पुढं शिकायला ग्लासगोला निघाले तेव्हा गावातले लोक त्यांना म्हणाले, पोरीला एवढ्या लांब कशाला धाडता. तर म्हणाले, "मी कोन धाडनारा? तिनं मला सांगितलं, मी जाती म्हनून."

तिथं परदेशी विद्यार्थ्यांची एक सहल निघाली, स्काय नावाच्या बेटाची. एक रात्र मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी बसने सगळं बेट दाखवणार. माझी खोलीतली मैत्रीण नायजेरियाची, ती मागे लागली म्हणून नाव दिलं. बसमध्ये मराठी बोलणारा एकच, मंचरचा जैन मुलगा. घरचं कापडाचं दुकान, म्हणून मी त्याला शेठ म्हणायचे. तोही मला सरपंच म्हणायचा. बसमध्ये आम्ही दोघं मोठमोठ्याने मराठीत सगळ्यांची टिंगल करत होतो, कुणाला काही कळत नव्हतं, मजा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदराच्या गावात बस उभी होती. रंगवलेली घरं ओळीने, खाली बोटी, आणि अंग गोठवणारा वारा. तेवढ्यात तात्यांचा फोन आला. तात्या म्हणजे माझे चुलते. कधी फोन न करणारा माणूस. म्हणाले, "आप्पांना अटॅक आला. नारायणगावला दवाखान्यात आनलंय. सिरीयस हायेत. तू निघ." आणि फोन कट झाला.

मी तिथंच एका दगडी कट्ट्यावर बसले. शेठ कॉफी घेऊन आला, त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काय म्हणाले नेमकं?" मी तात्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. 'तू निघ' ऐकल्यावर त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. त्याला सांगायची गरज नव्हती, तोही तिकडचाच.

मैत्रीण धावत आली. तिला इंग्रजीत सांगितलं तर म्हणाली, "सिरीयस म्हणजे आहेत ना अजून? मग लाव फोन, बोल त्यांच्याशी!" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तुला कळत नाही त्यात तोंड घालू नकोस. आमच्याकडे सिरीयस म्हणजे गेले. ती बिचारी बाजूला झाली.

त्या गावातून परत जायला दुसरी गाडी नव्हती. हीच बस बेटाला वळसा घालून संध्याकाळी ग्लासगोकडे निघणार होती. म्हणजे बाप मेलेला असताना मला सहल पूर्ण करायची होती. ड्रायव्हरला शेठने जाऊन सांगितलं, त्याने मला पुढची खिडकीची जागा दिली. तीच सगळ्यात चांगली जागा, सगळं बेट नीट दिसावं अशी!

मी फोन बंद करून टाकला. गावच्या ग्रुपवर आता फोटो पडणार, हे मला ठाऊक होतं. दोन बाजूंना समया, मधे आप्पांचा फेट्यातला फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली हात जोडलेल्यांची रांग. ते बघायची माझ्यात ताकद नव्हती. घरी फोन लावला असता तर तात्यांना माझ्याशी खोटं बोलावं लागलं असतं, आईला रडू दाबावं लागलं असतं. त्यांना कशाला तो त्रास, असं वाटलं. मला आता एकच हवं होतं, आप्पांचं तोंड शेवटचं बघायला मिळावं. शेठ माझ्यासाठी मोबाईलवर विमानं शोधत होता.

बस थांबत होती. एका कड्यावरून धबधबा थेट समुद्रात पडत होता. पोरं धबधब्याकडे पाठ करून फोटो काढत होती. पुढे एक उंच सुळका, त्याच्यापाशी धुकं. गाइड माइकवर राक्षसाची गोष्ट सांगत होता आणि सगळी बस हसत होती. मला त्या सगळ्यांचा राग येत होता. डोंगरांचासुद्धा राग येत होता, काय गरज होती इतकं छान दिसायची! आप्पांना हे फोटो पाठवले असते तर म्हणाले असते, "डोंगार लई हाय, पर जनावर कुठं चरतंय?" एवढं मनात आलं आणि मग मला रडू आवरेना. शेठने त्याच्या डब्यातले खाखरे पुढे केले. मी नको म्हटलं. त्याने डबा बंद करून ठेवला, दिवसभर स्वतःही काही खाल्लं नाही.

दुपारी बस एका ओढ्यापाशी थांबली. डोंगरातून उतरलेलं पाणी, खडकात डोह साठलेले, तळातला खडा न् खडा दिसेल इतकं निवळ. लोक त्या जागेला परींचे डोह म्हणतात. आमच्याकडे माणूस गेल्याची बातमी दुरून कळली तर अंगावरच्या कपड्यानिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं असतं. बाकीचे वर चढून गेले. मी कोट काढून शेठच्या हातात दिला आणि एका डोहात उतरले. तो म्हणाला, "अगं, मरशील गारठ्याने." पण अडवलं नाही, तोंड फिरवून उभा राहिला. मी डोकं पाण्यात बुडवलं. मेंदूपर्यंत कळ गेली. आप्पा, असं मोठ्याने म्हटलं आणि वर आले. दात वाजत होते. मैत्रीण वरून बघत होती, तिने पळत येऊन स्वतःचं जॅकेट माझ्याभोवती गुंडाळलं. सकाळी तिला इतकं टाकून बोलले होते, तरी.

बसकडे परत येताना शेठ चाचरत म्हणाला, "सरपंच, विमान आहे, पण तू पोचेपर्यंत बराच वेळ जाईल. घरचे तुझ्यासाठी थांबून राहतील. इतका वेळ ठेवणं… तूच सांगून टाक."

त्याचं खरं होतं. आई जेवणार नाही, दार उघडं, पाहुणे अंगणात ताटकळलेले, आणि आप्पा बर्फाच्या पेटीत. मी सांगितल्याशिवाय आमच्या घरात कुणी हलणार नाही. तोंड बघायची आशा मी तिथंच, त्या ओल्या कपड्यांत सोडून दिली. सोडताना वाटलं, आता याहून वाईट काही उरलं नाही.

पार्किंगमध्ये, बसमधल्या माझ्या जागेवर बसून फोन चालू केला. मिस्ड कॉल एकावर एक पडायला लागले, आईचे, तात्यांचे. मी ते न बघता तात्यांना लावला. एका रिंगमध्ये उचलला. तिकडे खरखर झाली, कुणी हॅलोसुद्धा म्हटलं नाही. मला वाटलं, तात्यांना बोलवत नसेल. रडायच्या आत सांगून टाकावं म्हणून मी घाईघाईने म्हणाले, "माझ्यासाठी थांबू नका. आजच घेऊन जा त्यांना."

तिकडून श्वास ऐकू आला, जड, ओढून घेतलेला.

"कुनाला गं?"

आप्पांचा आवाज. सकाळपासून ते मला फोन लावा म्हणत होते, म्हणून तात्यांनी उचलल्या उचलल्या स्पीकर लावून त्यांच्या तोंडाशी धरला होता. तात्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सिरीयसला सिरीयस म्हटलं होतं.

माझ्या ओल्या केसांतून पाणी फोनवर गळत होतं. ते परत म्हणाले, "कुनाला न्यायचं म्हनती?"

"तुम्हाला आप्पा," मी म्हणाले. "घरी. घरी घेऊन जा म्हणते."

"हां," ते म्हणाले. मग तिथल्या कुणाला तरी, अगदी खुशीत, "ऐकलं का? थोरली घरी न्या म्हनती." मी, आप्पा, आप्पा अहो, तसं नाही, डॉक्टर सांगतील तोवर राहा, असं ओरडत राहिले. पण बस सुरू झाली होती, डोंगर आडवा आला आणि रेंज गेली.

परत रेंज मिळाली तेव्हा ॲम्ब्युलन्स दवाखान्यातून निघाली होती. आप्पांनी कुणाचंच ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मी विमानात असताना ते गेले. तिथं राहिले असते तर वाचले असते का, हे मी त्या डॉक्टरला कधी विचारलं नाही.

मी येईपर्यंत त्यांना ठेवलं होतं. तोंड बघायला मिळालं. आईने मला जवळ ओढलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. म्हणाली, "सारखं एकच, थोरलीनं सांगितलंय, घरी न्या. डॉक्टर लई वरडला. पर बरं झालं बाई तू बोललीस. न्हाईतर त्या मशिनीतच गेले असते. आपल्या दारात गेले, तुझ्यामुळं."

तात्या उंबऱ्याशी उभे होते. दवाखान्यात फोन त्यांच्या हातात होता, स्पीकर चालू होता, 'आजच घेऊन जा त्यांना' आणि 'घरी घेऊन जा', माझी दोन्ही वाक्यं त्यांनी ऐकली होती. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मला पाणी आणायला आत गेले. मी आईला हो म्हणाले.