तोंड लागलेली झारी

छू देशान मूळचा दारूच्या सुरया करणारा. चांदी घडवायची, तिच्यावर काचेच्या पुडीचा निळा-हिरवा मिना भाजायचा, यात त्याचा हात धरणारा पेकिंगच्या आमच्या गल्लीत कुणी नव्हता. मी त्याच्या भट्टीवर कोळसा घालायचो. दोन पोरांचा बाप होतो, तरी त्याच्यापुढे चळचळ कापायचो!

एकदा लामांच्या मंदिरातून बुद्धापुढच्या पाण्याच्या झारीचं काम आलं. चांदी मंदिराची. देवाच्या भांड्याला माणसाचा श्वास लागायचा नाही, म्हणून तीन महिने आम्ही तोंडाला फडकी बांधून खपलो. झारी चारदा भाजली, तेव्हा कुठे निळ्यावर पांढरी कमळं उठली.

न्यायच्या दिवशी देशान फडकं सोडून निवांत बसला होता. झारी उचलली, नळी ओठाला लावली आणि फुंकली. फुर्र! मिन्यानं नळी बुजली तर नाही ना, हे सुरईवाले असंच बघतात. जन्माची खोड ती.

"अहो, हे काय केलंत!" त्याची बायको, आमची वहिनी, ओरडली.

देशान पांढराफटक. मी म्हटलं, "दादा, पुसून टाका. कुणी बघितलं नाही."

"तू बघितलंस ना? मग?"

तेवढ्यात झारी न्यायला मंदिराचा दोंडुब लामा दारात. आडदांड मंगोल, थट्टेखोर. "काय रे छू, मयताला बसल्यासारखे बसलात!"

देशाननं सगळं सांगून टाकलं. लामाचं हसू मावळलं.

"विस्तवातून काढ. लाल होऊ दे, मग शुद्ध."

"पाचव्यांदा, महाराज? चांदीआधी नळीचा जोड वितळतो. नळी गळेल, नाहीतर झारीचाच गोळा होईल."

"तर गोळा नेईन. उष्टी झारी नेणार नाही. आणि गोळा झाला, तर कुठलंच मंदिर तुला पुन्हा बोलावणार नाही."

झारी भट्टीत गेली. देशान भोकाला डोळा लावून बसला. "कोळसा!" मी घातला. "बस!" मी मागे झालो. मिना चकाकायला लागला. मीही वाकून बघितलं, तर नळीच्या मुळाशी जोड घामेजलेला.

"दादा, काढा!"

"लाल नाही झाली अजून."

"अहो, नळी हलतेय!"

"गप!"

माळ ओढत बसलेला लामासुद्धा जप विसरला. चांदीवर गुलाबी झाक आली, मग लाल, आणि त्याच क्षणी देशाननं चिमट्यानं झारी बाहेर घेतली. गार झाल्यावर आम्ही सगळे तिच्यावर वाकलो.

कमळं शाबूत. नळी मात्र तांदळाच्या दाण्याएवढी खाली आलेली. लामानं पाणी भरलं, झारी कलती केली. दोऱ्यासारखी धार पडली.

"हिनं मान खाली घातलीय रे."

"लाजली असेल," वहिनी म्हणाली. "परपुरुषानं तोंड लावलं तिला."

लामा असा हसला की पोट धरून खाली बसला! मग झारी पिवळ्या कापडात गुंडाळून घेऊन गेला.

देशान हसला नाही. चिमटा त्याच्या मुठीतून सुटेना. वहिनीनं एकेक बोट उलगडून तो काढून घेतला.